सावकाश ड्रायव्हरची जेट बोट

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच निर्णय घाईने घेतला, आणि तो होता एक मोडकी बोट घरी आणण्याचा.

एरवी हा माणूस घाईचा वैरी. सगळी नोकरी बस चालवण्यात गेली आणि त्या नोकरीत ह्यांच्या गाडीला साधा ओरखडा आला नाही. डेपोत त्यांचं नावच 'सावकाश' पडलं होतं. आज गाडीवर सावकाश आहे असं कळलं की तान्ही मुलं घेतलेल्या बाया खूश व्हायच्या आणि कामावर निघालेले कपाळाला हात लावायचे. समोर कुत्रं दिसो, वळण दिसो की नुसती झाडाची सावली दिसो, ह्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उठलाच म्हणून समजा. 'अति घाई, संकटात नेई' ही रस्त्याकडेची पाटी बाकीचे वाचतात आणि विसरतात. ह्यांनी ती गिळली होती. मी त्यांच्या अगदी उलट. मी शिवणकाम करते. माझं मशीन गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं आणि माझं तोंड त्याच्याही पुढे, असं हे म्हणतात. आता खरं ते खरं, मी कशाला नाकारू?

बोट कशाला आणली ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "तुला ताईकडे न्यायचंय."

माझी ताई नदीच्या वरच्या अंगाला, पलीकडच्या काठावर राहते. पूल होता तोवर तिच्याकडे जाणं म्हणजे बसमध्ये एक डुलकी. पूल पुरात गेला, आणि तेव्हापासून डोंगराला वळसा घालून दिवसभराचा रस्ता उरला. त्यात माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तो रस्ता मला कायमचा बंद केला. तिनं यावं म्हटलं तर तिला गाडीचा नुसता वास आला तरी उलटी होते. एकाच नदीचं पाणी पिणाऱ्या आम्ही दोघी बहिणी, आणि भेट फोनवर.

मग ताईचे डोळे जायला लागले. सगळे नाही, मधला भाग. "माणसाच्या तोंडाच्या जागी डाग दिसतो बघ," ती म्हणाली. गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही हळूहळू जाईल, असं तिला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ताई रडणाऱ्यातली नाही. तिनं एवढंच म्हटलं, "मोबाइलवर तुझं तोंड आता दिसत नाही गं. एकदा जवळून बघून ठेवायचं होतं." मी फोन ठेवला, ह्यांच्याशी उगाच भांडले आणि एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली. चार-पाच दिवसांनी एका ट्रॅक्टरमागे बांधलेली बोट आमच्या दारात आली.

साप म्हणू नये धाकला आणि नवरा म्हणू नये आपला, ते काही खोटं नाही. इतकी वर्षं संसार करून हा माणूस मला तळहातासारखा ठाऊक आहे असं मी समजत होते.

नदीकाठी एक पर्यटकांचा बंगला होता, तो बंद पडला तेव्हापासून ही बोट त्याच्या मागे गवतात पडून होती. बसायच्या जागी एक रोपटं चांगलं गुडघाभर वाढलेलं. गाद्या उंदरांनी कुरतडलेल्या. रंग कधीकाळी लाल असावा, असं म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

"अहो, ही चालवायची आहे की हिच्यात कुंड्या लावायच्या आहेत?"

"इंजिन गाडीचंच आहे," हे म्हणाले. "बघू."

'बघू' हा ह्यांचा लाडका शब्द. मुलाला कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, "आई, बाबांना आवर." मी म्हटलं, "मला आवरणं जमलं असतं तर तुझं नाव तरी तुझ्या आत्यानं ठेवलेलं असतं का?"

पण साधी बोट का नाही, हेही त्यांनी मला समजावून सांगितलं. वरच्या अंगाला नदी उथळ, नुसते दगडगोटे. साध्या बोटीला खाली पंखा असतो, तो पहिल्याच दगडावर मोडायचा. ह्या जेट बोटीला खाली काहीच नाही. तिच्या पोटात पंप असतो. तो खालून पाणी ओढतो आणि मागे जोरात फेकतो, त्या धक्क्यानं बोट पुढे जाते. वळायचं असेल तर मागची तोटी वळवायची, म्हणजे पाण्याचा फवारा वळतो आणि बोटही वळते. "आणि पाण्यात खड्डे नसतात," हे म्हणाले. "तुझ्या पाठीला धक्का नाही." डॉक्टरांनाही विचारून आले होते. पाठीला धक्का बसू देणार नसाल तर हरकत नाही, असं ते म्हणाले म्हणे. ह्यांच्याकडे बघून दुसरं कोण काय म्हणणार?

मदतीला डेपोतले जुने फोरमन आले. भला माणूस, पण हातोड्याशिवाय त्याला विचार करता येत नाही. त्यांनी इंजिन बघितलं आणि जाहीर केलं, "जाम आहे. पाण्यानं गंजून बसलंय. पाना घाल, पान्याला लांब पाइप लाव आणि दे हिसका."

"मोडेल," हे म्हणाले.

ह्यांनी इंजिनाचे प्लग काढले, त्या भोकांतून तेल सोडलं आणि थांबले. रोज सकाळी चहा झाला की बोटीत चढायचं, पाना लावायचा, हलकेच दाबायचा. नाही हलला की पाना पुसून ठेवायचा आणि अजून थोडं तेल सोडायचं. वैताग आणणारा प्रकार होता. फोरमन कुंपणाशी उभे राहून ओरडायचे, "अरे सावकाश, तू इंजिन सोडवतोयस की त्याची समजूत काढतोयस?" मी मशीनवरून ते बघायची आणि माझाच पाय शिवशिवायचा.

एका सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हात कोपरापर्यंत काळे, आणि चेहऱ्यावर लहान मुलाला बक्षीस मिळाल्यासारखा आनंद.

"हललं."

"काय?"

"केसभर. पण हललं."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना, फरशीवर तेलाचे पाय उमटवले म्हणून झापलं.

त्यानंतर कामाला वेग आला, म्हणजे ह्यांच्या हिशोबानं वेग. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं, ते खरवडून काढलं. उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या. कार्बोरेटर माझ्या जुन्या परातीत आठवडाभर सुटा पडून होता. गाद्या मात्र मी कोणाला शिवू दिल्या नाहीत. नवं रेक्झिन आणलं आणि कव्हरं शिवली. ती परात गेल्याच्या रागातच शिवली, पण शिवण सरळ आली.

बोट पाण्यात सोडली तेव्हा इंजिन असं काही गरजलं की काठावरची बदकं पळाली. बोट जागची हलली नाही. फोरमन पाण्यात उतरले, खाली हात घालून बराच वेळ चाचपत राहिले आणि म्हणाले, "पंपाचं कडं झिजलंय. वाळूनं खाल्लंय. पाणी ओढतंय, पण कडेनं परत निसटतंय." पुन्हा बोट काठावर. लेथवाल्याकडून नवं कडं करून आणलं, ते बसवलं, आणि पुढच्या खेपेला बोट निघाली. फोरमननी टोपी उडवली ती नदीतच गेली.

इथवर सगळं ह्यांच्या स्वभावानं जमलं. आता त्याच स्वभावावर घोडं अडलं.

बंगल्याच्या पहारेकऱ्यानं बोट देतानाच बजावलं होतं, "हिला ब्रेक नाही. वळायचं तर पाय दाबूनच वळायचं. पाय उचललात की पाण्याचा फवारा थांबला, आणि फवारा थांबला की बोट वळत नाही, सरळच जाते. आणि उथळात हळू गेलात तर बूड टेकेल. वेगात गेलात तरच ती वर उचलली जाते." ह्यांनी तेव्हा मान डोलावली होती.

पहिल्या वळणावर पात्राच्या मधोमध एक मोठा खडक आहे. खडक दिसला आणि ह्यांचा पाय उठला. सुकाणूचं चाक पुरतं फिरवलेलं, आणि बोट मात्र नाकासमोर सरळ. खडक हातभर चुकला तो केवळ नशिबानं, आणि बोट पलीकडच्या गवतात घुसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी फोरमन शेजारी बसून कानात ओरडत होते, "दाब! दाब!" आणि तरी तेच. बोटीचं नाक फुटलं, ते ह्यांनी निमूटपणे सांधलं.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाली, "आज चहा कपाबाहेर ओतला. हात भाजला थोडा." आणि हसली.

संध्याकाळी हे पायरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले.

"मला कळतंय गं," ते म्हणाले. "डोक्याला सगळं कळतंय. पायाला सांगता येत नाही." मग म्हणाले, "मागे माणसं बसलेली असायची ना."

ह्या पायावरून मी त्यांना जन्मभर बोलले आहे. लग्नघरी उशीर, दवाखान्यात उशीर, सिनेमाची पहिली दहा मिनिटं मी कधी पाहिलीच नाहीत. पण त्या पायानं किती लोकांना सुखरूप घरी पोचवलं, हे मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. मला त्या माणसाची फार माया आली.

"उद्या मी बसते चाकावर," मी म्हटलं.

"तू? तुला सायकल येत नाही."

"मशीन येतं. गळ्याची गोलाई शिवताना पाय उचलला की शिवण मोडते. पाय चालू ठेवायचा आणि कापड वळवायचं. दुसरं काय सांगितलं त्या पहारेकऱ्यानं?"

दुसरा नवरा असता तर हसला असता. हे विचार करत राहिले. मग म्हणाले, "बघू." त्यांच्या तोंडी ह्याचा अर्थ होकार असतो.

रुंद, खोल पाण्यात त्यांनी मला रोज शिकवलं. नुसत्या सूचना. चाक कसं धरायचं, नजर लांब कुठे ठेवायची, काठाला लागताना काय करायचं. शिकवणं मात्र ह्यांनीच करावं. एकदाही आवाज चढला नाही. फोरमन एकदा बसून आले आणि उतरताना म्हणाले, "वहिनी, तुम्ही बस चालवली असती तर डेपो वेळेवर चालला असता, पण प्रवासी उरले नसते."

निघालो त्या दिवशी ह्यांनी माझ्या पाठीमागे उशी लावली, लाइफ जॅकेटचे पट्टे दोनदा ओढून बघितले आणि शेजारी बसले. खडक आला. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण पाय दाबलेलाच ठेवला आणि चाक फिरवलं, आणि बोट अशी वळली की मी मोठ्यानं ओरडलेच. पुढे उथळ लागलं. तळाचे गोटे इतके जवळ दिसायला लागले की मोजावेत. तिथे तर आणखी दाबायचं होतं. मी दाबलं. बोट पाण्यावर उचलली गेली आणि खालून गोटे सरसर मागे पळू लागले.

मी एक क्षण शेजारी बघितलं. ह्यांनी दोन्ही हातांनी बोटीची कड धरली होती, डोळे मिटले होते आणि ओठ घट्ट आवळले होते. ज्या माणसानं उभ्या जन्मात मला दुसरं काही सांगितलं नाही, तो त्या अख्ख्या उथळ पट्ट्यात एकदाही 'हळू' म्हणाला नाही. त्याला ते किती जड गेलं असेल ते मलाच ठाऊक.

ताई काठावर उभी होती. बोटीचा आवाज तिनं लांबूनच ऐकला असणार. मी उतरले, चढ चढून तिच्यासमोर गेले, आणि तिनं तोंड बाजूला वळवलं. मला वाटलं, इतकी वर्षं आले नाही म्हणून रागावली.

"ताई, रागावलीस?"

"नाही गं. सरळ बघितलं की तुझ्या जागी डाग येतो. कडेनं बघितलं तर दिसतेस. बोलू नकोस. हलू नकोस."

मला गप्प राहता येत नाही आणि स्थिरही राहता येत नाही. तरी उभी राहिले. ताई मान तिरकी करून बघत होती, कपाळ, केस, हनुवटी. पुन्हा कपाळ. खूप वेळ बघितलं तिनं.

"म्हातारी झालीस गं," ती म्हणाली.

मी तिच्या गळ्यात पडून भडाभडा रडले.

"भावोजी कुठायत?" तिनं माझ्या खांद्यावरून विचारलं. "त्यांनाही बघून घेते."

हे गुडघाभर पाण्यात बोटीचा दोर धरून उभे होते. आम्हा दोघींमध्ये नको म्हणून तिथेच थांबले असणार. मी हाक मारली तेव्हा त्यांनी दोर झाडाला बांधला, वर आले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ओल्या पँटनिशी माझ्या शेजारी फोटोला उभं राहतात तसे ताठ उभे राहिले. ताईनं मान थोडी इकडे केली, थोडी तिकडे केली. नजर नीट लागेपर्यंत ह्यांनी श्वासही घेतला नाही.

"दिसलात," ती म्हणाली. "दोघंही दिसलात. चला, आता आत चला."