चुकीच्या उत्तरांचा डबा

बातमी आली तेव्हा मी शिक्षकखोलीत नववीच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते. फोन कळमेश्वरहून, देविदासभाऊंच्या घरून, वंदनावहिनींचा. "ताई, हे गेले…" एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन मुलीच्या हातात दिला. मुलीने अंत्यविधीची वेळ सांगितली, बसस्टँडवरून घरी कसं यायचं तेही नीट समजावलं, जणू मी पहिल्यांदाच येणार होते. फोन ठेवून मी उरलेले सहा पेपर तपासले. का, ते मला आजही सांगता येत नाही. त्यातल्या एकीने वस्तू पाण्यावर का तरंगते, या प्लावक बलाच्या प्रश्नाचं उत्तर साफ चुकीचं लिहिलं होतं. फुली मारायला लाल पेन टेकवला आणि हात थांबला. देविदासभाऊ असते तर म्हणाले असते, "थांब वं, फुली मारू नको. तिनं तसं काहून लिहिलं ते पाह्य आधी."

देविदासभाऊंची आणि माझी ओळख बी.एड.च्या वर्गातली. बावीस वर्षांपूर्वी बी.एड. एकाच वर्षाचं असायचं आणि त्या वर्षात आमच्याकडून इतकं लिहून घेत की शिकवायला वेळ कमीच उरे. आमच्या घरी तीन पिढ्या कारकुनी, त्यामुळे लिखापढीत मी कोणाला हार जाणारी नव्हते. माझ्या पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, हेतू हिरव्या शाईने, प्रश्न निळ्या शाईने आणि अपेक्षित उत्तरं लाल शाईने लिहिलेली असत. प्राध्यापक माझी वही इतरांना दाखवत आणि मी मान खाली घालून मनातल्या मनात फुगत असे. देविदासभाऊ मौद्याजवळच्या खेड्यातले. बी.एस्सी. झाल्यावर चार वर्षं घरची धानाची शेती करून मग इकडे आलेले, म्हणून वर्गात सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांचेच भाऊ. त्यांच्या टाचणात 'अपेक्षित उत्तर' या रकान्यात एकही बरोबर उत्तर नसे. पोरं काय काय चुकीचं बोलतील, ते तिथे ओळीने लिहिलेलं. प्राध्यापकांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, हा काय प्रकार आहे? भाऊ उभे राहून म्हणाले, "सर, बरोबर उत्तर आलं तर मले तिथं काय काम आहे? चुकीचं आलं तरच माझी गरज आहे." वर्ग हसला. मीही हसले. प्राध्यापकांनी मात्र रकाना पुन्हा लिहून आणायला सांगितला आणि भाऊंनी पुन्हा तेच लिहून आणलं.

आम्हा दोघांचा शिकवायचा विषय विज्ञान, त्यामुळे सराव पाठांसाठी आमची जोडी लावली आणि नागपुरातल्या सदर भागातली एक शाळा दिली. एकाने पाठ घ्यायचा, दुसऱ्याने मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहायचं. भाऊंचे पाठ बघणं म्हणजे माझ्या जिवाला घोर असे. ते प्रश्न विचारत, हातातला खडू टेबलावर ठेवत, हाताची घडी घालत आणि खिडकीबाहेर बघत उभे राहत. अख्खा वर्ग चिडीचूप. मला वाटे, आता घंटा होईल, आता कोणीतरी हसेल, आता प्राध्यापक आत येतील. पण भाऊ बाहेरच्या कडुनिंबाकडे असे बघत राहत, जणू त्यांना कुठे जायचंच नाही. मग हळूच म्हणत, "चुकीचं उत्तर कोनापाशी आहे?" आणि आजवर कधी तोंड न उघडलेली एखादी पोर मागून बोलू लागे. मी त्यांना म्हटलं होतं, भाऊ, निदान पोरांकडे तरी बघा. तर म्हणाले, "आपन पाह्यलं का ते लाजतात वं. आपन खिडकीतून पाह्यलं का इचार करतात." मी निरीक्षण वहीत लिहिलं, 'पाठाची गती संथ.' त्याखाली त्यांना सही करायची होती. त्यांनी हसत केली.

जानेवारीत त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला दोघांनाही बोलावून घेतलं. जूनपासून विज्ञानाची एक जागा रिकामी होणार होती. "तुम्हा दोघांपैकी एकाला घ्यायचं माझ्या मनात आहे, वार्षिक पाठ कसा होतो ते बघू," असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मला ती नोकरी हवी होती, हे मी का लपवू? भाऊंना माझ्यापेक्षा जास्त हवी होती. घरी त्यांनी शेवटचं सांगून ठेवलं होतं, या वर्षात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर परत येऊन नांगर धरतो. वार्षिक पाठ बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे घ्यायचा असतो आणि त्यासाठी सगळे जण काय करत ते बी.एड. केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. तोच पाठ त्याच वर्गावर आधी एकदा घेऊन ठेवायचा. कोणत्या प्रश्नाचं उत्तर कोणी सांगायचं, हात कधी वर करायचा, सगळं ठरलेलं. मीही केलं. आम्लं आणि आम्लारींचा माझा पाठ पोरांनी नाटकासारखा वठवला आणि परीक्षकांनी शाबासकी दिली. भाऊंनी मात्र साफ नाही म्हटलं. "एकदा सांगतलेल्या पोरायले काय शिकवायचं आहे?" म्हणाले.

त्यांचा पाठ प्लावक बलाचा, माझ्यानंतर दोन दिवसांनी, नववी ब वर. आदल्या दिवशी मला त्याच वर्गावर एक रिकामा तास मिळाला. भाऊंचं टाचण माझ्याकडेच होतं, कारण तक्ते मी लिहून देणार होते. डोळ्यांसमोर सारखं तेच दिसत होतं, भाऊ खिडकीबाहेर बघताहेत, वर्ग गप्प, परीक्षक घड्याळ बघताहेत आणि सगळं वर्ष पाण्यात जातंय. मी टाचण उघडलं आणि वर्गाला एकेक प्रश्न सांगत गेले, त्याचं बरोबर उत्तर फळ्यावर लिहीत गेले, दोनदा म्हणवून घेतलं. "उद्या देविदास सरांनी विचारलं की लगेच हात वर करायचे. आणि सरांना सांगायचं नाही हं, त्यांच्यासाठी सरप्राइज आहे." पोरांचा त्यांच्यावर जीव होता. त्यांनी मन लावून पाठ केलं. मी हे भाऊंच्या भल्यासाठी केलं… असं मी बावीस वर्षं स्वतःला सांगत आले आहे. बहुतेक ते खरंच आहे. पण जागा एक होती आणि आम्ही दोघं होतो, हेही तितकंच खरं आहे.

दुसऱ्या दिवशी भाऊ एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात पोरांच्या प्रत्येक चुकीच्या उत्तरासाठी एकेक वस्तू होती. जड ते बुडतं म्हणणाऱ्यासाठी लाकडाचा मोठा ठोकळा आणि बोराएवढा खडा. लोखंड बुडतंच म्हणणाऱ्यासाठी खिळा आणि लोखंडाची छोटी वाटी. आणि सगळ्यांत शेवटी दाखवायची दोन संत्री, एक सालीसकट, एक सोललेलं. सालीसकटचं पाण्यावर तरंगतं. सोललेलं हलकं असूनही खाली जातं. "हे पाह्यल्यावर पोरं वेडे होतील वं," असं ते वर्गात शिरताना मला म्हणाले. साहित्य मांडायला म्हणून मला मागे बसू दिलं होतं. भाऊंनी विचारलं, "खिळा बुडतो, मग लोखंडाचं एवढं मोठं जहाज का बुडत नाही?" परीक्षेचा पाठ म्हणून ते जपून पुस्तकी मराठी बोलत होते. खडू अजून टेबलापर्यंत पोचला नव्हता, तर सगळे हात वर. एकाने खडाखड उत्तर म्हटलं, घनतेसकट. भाऊ थबकले. दुसरा प्रश्न… पुन्हा सगळे हात. तिसरा, चौथा. त्यांनी डब्याला हात लावायची वेळच आली नाही. घाईघाईने संत्री काढली, तर पहिल्या बाकावरची मुलगी संत्रं पाण्यात पडायच्या आधीच म्हणाली, "सर, सालीत हवा असते." पस्तीस मिनिटांचा पाठ बारा मिनिटांत संपला आणि भाऊ नुसतेच उभे राहिले. पोरं त्यांच्याकडे इतक्या आनंदाने बघत होती. परीक्षकांनी वही मिटली आणि विचारलं, "हा पाठ कितव्यांदा घेताय?"

"पहिल्यांदाच, सर."

परीक्षक नुसते हसले, खोटं पकडल्यासारखे. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि वहीत काहीबाही लिहू लागले. तेव्हा उठून खरं सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

पाठ झाल्यावर भाऊ जिन्याच्या पायरीवर बसले होते. सोललेलं संत्रं त्यांनी पुसून घेतलं, अर्धं मला दिलं. "खा वं." मी खाल्लं. ते म्हणाले, "पोरं हुशार निघाले… मीच कमी पडलो." मी म्हटलं, जाऊ द्या भाऊ, परीक्षकच खडूस होता. हे असं बोलायला मला काहीसुद्धा जड गेलं नाही, याचीच आता जास्त लाज वाटते. निकालात वार्षिक पाठाला त्यांना काठावरचे गुण होते. जूनमध्ये सदरच्या शाळेचं पत्र मला आलं. मी घरून मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेले, सांगायचं ठरवूनच गेले होते. ते सामान बांधून राहिले होते, गावी परतायला. माझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि इतके खरेखुरे खूश झाले की मी नुसता मिठाईचा डबा पुढे केला. शिवाय सांगितलं असतं आणि ते मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर गेलं असतं तर? हा विचारही त्या खोलीत माझ्याबरोबर होताच.

दोन हंगाम त्यांनी शेती केली. मग कळमेश्वरच्या एका विनाअनुदानित शाळेत लागले. अनुदान या वर्षी येईल, पुढच्या वर्षी येईल, यात कितीतरी वर्षं गेली. सुट्टीत एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीवर जात. शिकवणं मात्र तेच, खडू खाली ठेवून. शिक्षकांच्या प्रशिक्षणात नागपुरात भेटत तेव्हा हटकून डब्यातली नवी वस्तू दाखवत. कारण तो डबा त्यांनी टाकला नव्हता. दर वर्षी तोच पाठ, नवीन पोरं, नवीन चुका, आणि प्रत्येक चुकीसाठी काहीतरी शोधून आत टाकायचं. झाकणावर त्यांनी पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं, 'चुकीची उत्तरं'. मी माझ्या शाळेत पर्यवेक्षिका झाले, माझ्या नववीचा निकाल कधी खाली आला नाही. मी पोरांना उत्तरं सांगते, पोरं लिहितात. त्यात वाईट काही नाही. पण भाऊ भेटून गेले की दोन-तीन दिवस मला माझाच आवाज वर्गात नको वाटे.

गेल्या दोन वर्षांत त्यांची किडनी गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी भेटायला गेले तेव्हा ते खिडकीजवळच्या पलंगावर बसले होते. अंग उतरलेलं, आवाज मात्र तोच. वहिनींनी चहा दिला आणि त्या आत गेल्या. शाळेच्या गोष्टी झाल्या, मुलीच्या कॉलेजच्या झाल्या. मग ते अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "वर्षा, त्या दिवशी नववी बच्या पोरायले उत्तरं कोनं सांगतली असन वं?"

आणि त्यांनी हातातला कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, हाताची घडी घातली आणि बाहेर बघायला लागले.

ते बघणं मी मागच्या बाकावरून वर्षभर पाहिलं होतं. त्यांना माहीत होतं. कदाचित त्या पायरीवर अर्धं संत्रं देतानाही माहीत होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, मला लाज वाटू नये म्हणून. आत वहिनी भांडी विसळत होत्या, त्याचा आवाज येत होता. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते… मी म्हटलं, "भाऊ, चहा निवला तुमचा."

ते वळले. हसले. "हो वं, निवला," म्हणाले आणि कप उचलला. पुन्हा काही विचारलं नाही. महिन्याभराने वहिनींचा फोन आला.

तेराव्याला गेले तेव्हा वहिनींनी तो डबा माझ्यापुढे ठेवला. "ताई, हा तुम्हीच न्या. घरी कोनाले त्याचं काय काम आहे?" मी त्यांना सगळं सांगितलं. तिथेच, चटईवर बसून, पहिल्यापासून. त्या ऐकत राहिल्या आणि मग पदराने डब्याचं झाकण पुसत म्हणाल्या, "मले सांगून काय होते आता?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी डबा घेऊन बसमध्ये बसले.

मागच्या आठवड्यात मी तो नववीत नेला. बाजारातून दोन संत्री आणली, एक सोललं. पुस्तक मिटून विचारलं, खिळा बुडतो, मग जहाज का बुडत नाही? खडू टेबलावर ठेवला, हाताची घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिले. मला सवय नाही, पोरांना तर नाहीच नाही. बाक करकरले, कोणीतरी खाकरलं, कोणी वही उघडून पेन काढून तयार बसलं. मी थांबले. आणखी थांबले. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगी वैतागून म्हणाली,

"मॅडम, तुम्हाले मालूम आहे तर सांगून टाका नं."

मी खिडकीबाहेरच बघत राहिले.