मळलेला बर्फ

लोधिवलीचा येसाजी लढाईवर गेला तो बंदूक चालवायला नाही, खेचरं हाकायला. त्याचा बाप बोरघाटातून बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचा. चढावर जनावराचा दम कसा राखायचा, हे येसाजी त्याच्याकडूनच शिकलेला. पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं. भरतीवाल्यांनी त्याला आणि कशेळ्याच्या नागूला थेट काश्मीरच्या वरच्या डोंगरांत धाडलं.

तिथं एका खिंडीपलीकडे फौजेची चौकी होती. हिवाळाभर वाट बंद, त्यामुळे चौकीतलं पीठ संपत आलेलं. पीठ आणि औषधं लादून खेचरं निघाली, तोच पश्चिमेकडून वारा सुटला. आभाळ गढूळ झालं, दातांत रेती कचकचू लागली. वारा पडला तेव्हा पांढरा डोंगर नांगरलेल्या रानासारखा तांबूस दिसत होता.

"ही माती आली कुठनं रं?" नागूनं विचारलं.

वाटाड्या लस्सा तिथलाच म्हातारा मेंढपाळ होता. मोडक्या हिंदीत तो म्हणाला, "लांब रेतीचा मुलूख आहे, तिथून. पांढरा बर्फ ऊन परतवतो, मळका बर्फ ऊन पितो. आता हा झपाट्यानं वितळणार. उद्या वाट राहील असं नाही."

झालंही तसंच. सकाळी कडक असलेला बर्फ ऊन चढताच ढासळू लागला. पुढचं खेचर पोटापर्यंत रुतलं, मागची बिथरली.

खेचरांच्या तांड्याबरोबरचा हवालदार ओरडला, "सामान टाका अन् मागं फिरा!"

पण येसाजीनं लगाम सोडला नाही. "पलीकडं माणसं उपाशी हायत, हवालदार. मी मागं जानार नाय."

"मरशील!"

"आधी ह्या जनावराला तर काढू."

ओझं उतरवून, भोवतीचा बर्फ हातानं उपसून, मानेखाली हात घालून त्यानं खेचर बाहेर ओढलं. मग खोगिरांखालच्या घोंगड्या काढून बर्फावर एकापुढं एक अंथरल्या. खेचर त्यांवर चढलं. मागची घोंगडी उचलून पुढं टाकायची, जनावर पुढं घ्यायचं, पुन्हा मागची उचलायची.

नागू चिडून म्हणाला, "असं कदी पोचणार आपन?"

"पोचू. तू घोंगडी धर."

नागूनं धरली. मग लस्सानं अंगावर पांघरलेली लोकरीची लोई काढून दिली. हवालदारही शिव्या देत वाकला. उतारावर एक खेचर घसरलं, तेव्हा त्याच्यावरचं पोतं येसाजीनं आपल्या पाठीवर घेतलं. बूट केव्हाच भिजले होते, बोटं बधिर झाली होती. दिवस कलताना चौकीतले शिपाई समोरून धावत आले. त्यातला एक पोत्याला मिठी मारून रडला.

दुसऱ्या दिवशी मागची वाट उरलीच नव्हती, तिथं ओढा खळाळत होता. पाणी ओसरेपर्यंत सगळे चौकीतच अडकले. तिथंच येसाजीच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली आणि कापावी लागली.

लढाई संपल्यावर तो लंगडत घरी आला. सगळं ऐकून बायको बायजा म्हणाली, "अवो, पन आबाळातनं पडलेला बर्फ मळंल कसा?"

"मळतो. परमुलखातली धूळ येऊन मळतो. म्या हातानं उपसलाय."

बायजा पाय निरखत राहिली. "आता घाट नको. बसून काय ते काम करा."

"बसून मला काय येतंय?" तो म्हणाला. त्यानं नेरळला एक खेचर घेतलं, डाव्या जोड्यात चिंध्या कोंबल्या आणि माथेरानला तांदूळ-रॉकेल वाहू लागला. सुरुवातीला चढावर तो दर वळणाला थांबायचा. दिवाळीपर्यंत थांबेनासा झाला.