आईच्या भजनाची फाइल

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या घरातला बाबांचा जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी काल एकदा चालू केला. तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरला आणि दहा वर्षांपूर्वीची एक रविवारची दुपार आठवली.

आई जाऊन तेव्हा चार महिने झालेले. डोंबिवलीच्या कार्यक्रमात तिने गायलेल्या भजनाचा व्हिडिओ मंडळातल्या एका काकूंनी नेटवर टाकला होता. तो उतरवून घ्यायला बाबांनी डाउनलोडर टाकलेला, पण व्हिडिओ निम्म्यावर येऊन अडकायचा.

"अरे, हे बघ ना, परत एरर आला," बाबा म्हणाले.

मोबाइलमधून डोकं वर न काढता मी करवादलो, "बाबा, नेटवर आहे ना तो! हवा तेव्हा बघा. कुठे पळून जातोय?"

"नाही रे, तिचा आवाज घरात असावा, म्हणून."

"पुढच्या वेळी आलो की बघतो."

जुन्या सिस्टीमला डाउनलोडरचं जुनं व्हर्जन लागतं, एवढीच अडचण होती. मला ते माहीत होतं. दहा मिनिटांचं काम. पुढच्या भेटीत बाबांनी विषय काढला नाही, मीही नाही. वर्षभरात काकूंनी चॅनेलच बंद केलं. मागच्या महिन्यात बाबाही गेले.

काल कॉम्प्युटरवर आईच्या नावाचा फोल्डर सापडला. आत त्या एकाच भजनाच्या सदतीस अर्धवट फाइल्स होत्या, सगळ्या त्या दुपारनंतरच्या तारखांच्या. माझ्यापाशी पुन्हा शब्दही न काढता बाबा कितीतरी महिने एकटेच खटपट करत राहिले होते. मी एकेक उघडून पाहिली. एकही चालली नाही.