भीमबेटकाच्या मधमाश्या आणि आमच्या सईचा आवाज

"आत्या, भोपाळला ये, पण सईची परेड बघायला जायचं नाही. तू समोर असलीस की ती घाबरते," असं माझा भाचा अभय फोनवर म्हणाला आणि मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं. या वयात काय बघायचं नाही हे मला भाच्यानं सांगावं?

सई ही अभयची मुलगी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याबरोबरच लष्करात अधिकारी व्हायची तयारी करते. आठवड्यातून दोनदा कॉलेजच्या मैदानावर परेड, सुट्टीत कॅम्प, पदवीनंतर निवडीच्या मुलाखती. तिच्या प्लाटूनचा प्रमुख त्याच आठवड्यात ठरायचा होता आणि सईला ती जागा हवी होती. कॅम्पातल्या धावण्यात आणि नेमबाजीत ती पहिली आली होती. अडचण एकच. मुलगी फार चांगल्या वळणाची.

पुण्याहून रात्रीची गाडी पकडलीत तर खालचा बर्थ आधीच मागून घ्या. माझ्या खालच्या बर्थवर एक धडधाकट गृहस्थ पाठदुखीचं कारण सांगून झोपले होते. मी त्यांना उठवलं. स्टेशनवरून अभयच्या घरी, बाग सेवनियाला, रिक्षानं जाता येतं. भाडं आधी ठरवा. मला रिक्षावाला "अम्मा" म्हणाला, तरी ठरवलंच.

शनिवारी सकाळी सगळ्यांना वाटलं मी फिरायला गेले. मी मैदानाच्या कुंपणाशी उभी होते. तीस मुलंमुली खाकीत, आणि बाजूला सई. निघायचा हुकूम तिनं असा दिला, जणू पाहुण्यांना अजून एक पोळी वाढू का, असं विचारतेय. तरी प्लाटून चालू लागली. पुढे गुलाबाचा वाफा आला. सईनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पहिली रांग वाफ्यात शिरली. गुलाब चांगले होते हो!

"हॉल्ट!" मी ओरडले. आमच्या कॉन्व्हेंटात मोठ्या सिस्टरचा असा आवाज ऐकून व्हरांडा रिकामा व्हायचा. अख्खी प्लाटून जागीच थिजली. एकाचा पाय हवेतच.

त्यांचे प्रशिक्षक हवालदार आहेत, मुलं त्यांना उस्ताद म्हणतात. ते अदबीनं जवळ आले. "मैडम, आप किस पलटन से रिटायर हुईं?"

"विमा ऑफिस से," मी म्हटलं.

मग ते सईकडे वळले. "बेटा, हुक्म दे रही हो कि अर्ज़ी? सोमवार को आख़िरी मौक़ा. नहीं तो प्लाटून किसी और को."

घरी सई खाली मान घालून जेवली. "आत्या, ओरडायला नको होतंस," अभय म्हणाला.

"मग गुलाब तुडवू द्यायचे होते?"

"आत्याआजी," सई हळूच म्हणाली, "सगळे मला चिडवतायत. म्हणतात, तू सिर्फ खडी रह, हॉल्ट तर दादी देणार."

मी मदतच केली होती. पण तिचा चेहरा बघवेना, म्हणून रविवारी टॅक्सी करून तिला भीमबेटकाला घेऊन गेले. होशंगाबाद रोडनं तासाभराचा सरळ, चांगला रस्ता आहे. मिसरोदला पोहे-जलेबी खाऊन घ्या. पोह्यांवर शेव आणि शेजारी जलेबी हा प्रकार मला आधी असभ्य वाटला, मग मी दुसरी प्लेट मागवली. वाटेत सईला आवाज पोटातून कसा काढायचा ते शिकवलं. ती "हो आत्याआजी" म्हणत राहिली. हेच तर दुखणं होतं.

तिथल्या प्रचंड खडकांच्या पोटात आदिमानवानं काढलेली चित्रं आहेत. हरणं, घोडेस्वार, हातात हात घालून नाचणारी माणसं. आमच्या सोसायटीच्या जिन्यातला रंग दोन पावसाळे टिकत नाही. पाणी बरोबर न्या आणि चपलेऐवजी बूट घाला. आणखी एक, वर खडकांना मधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकलेली असतात, आवाज करू नका अशी पाटीही आहे.

त्या पाटीखालीच एक कुटुंब मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून बसलं होतं. मी त्यांना पाटी वाचून दाखवली. खणखणीत आवाजात, हिंदीतून आणि मग इंग्रजीतूनही. माझं इंग्रजी संपायच्या आत डोक्यावरचं पोळं हललं. कुणीतरी जाड सतरंजी झटकावी तसा आवाज आला.

"सब नीचे बैठो! गाना बंद! हाथ मत हिलाओ!"

हे कोण बोललं म्हणून मी वळले.

"आत्याआजी, खाली बसा. तोंड बंद!"

मी बसले. माझ्या गुडघ्यांना डॉक्टरांनी मांडी घालायला मनाई केली आहे, ते गुडघ्यांच्याही लक्षात राहिलं नाही. एक मधमाशी माझ्या चष्म्याच्या काचेवरून निवांत फिरली आणि मी जन्मात पहिल्यांदा काही न बोलता वाट पाहिली. पोळं शांत झाल्यावर सईनं एकेकाला वाकायला लावून बाहेर काढलं. कुटुंबप्रमुख "जी मैडम, जी मैडम" करत रांगेत चालले.

गाडीपाशी आल्यावर मात्र तिनं अदबीनं माझ्यासाठी दार उघडून धरलं. "आत्याआजी, सॉरी. मी तुम्हाला तोंड बंद म्हणाले."

"पुन्हा सॉरी म्हणालीस, तर परत पोळ्याखाली नेऊन बसवीन."

सोमवारी सकाळी बूट बांधताना ती म्हणाली, "तुम्ही यायचं. पण कुंपणाबाहेर. आणि आवाज नाही."

मी गेले. रुमाल दातांत धरून उभी राहिले. प्लाटून निघाली, वळली आणि गुलाबांच्या दिशेनं आली. दोन पोरं माझ्याकडे बघून हसत होती. मी आभाळाकडे बघितलं.

"थम!"

मैदानापलीकडच्या झाडावरचे पोपट उडाले. पहिली रांग वाफ्याच्या अलीकडे उभी होती, आणि कुणी हसत नव्हतं. उस्तादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "दादी आज छुट्टी पर हैं?" मग सईला म्हणाले, "प्लाटून तेरी."

पुण्याला परतून पंधरा दिवस झाले. भीमबेटकाला मुद्दाम थंडीत जा, उन्हाळ्यात तो खडक तव्यासारखा तापतो म्हणतात. माझे गुडघे अजून दुखतात. सईचा रोज रात्री फोन येतो. "आत्याआजी, गोळी घेतली?" मी पूर्वी घेतली म्हणून सांगायचे आणि विसरायचे. आता ती म्हणते, "आधी घ्या. मी फोनवर थांबते."

मी उठते आणि घेते. परवा लक्षात आलं, फोन ठेवेपर्यंत मी उभीच होते.