हो हो, माहितीये

माझ्या नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, लग्नाआधी दोनेक वर्षं औषध कंपनीची बॅग घेऊन दवाखान्यांच्या दारात ताटकळत बसायचे. पुढे ती नोकरी सुटली आणि ते फरशा विकायला लागले. पण त्या ताटकळण्यात त्यांच्या अंगात जो डॉक्टर शिरला, तो काही बाहेर पडला नाही. घरात कुणी शिंकलं तरी सासूबाई म्हणणार, "आधी जावईबापूंना फोन लावा."

माझा नवरा पंखा पुसताना स्टुलावरून पडला, डोकं पलंगाच्या कडेवर आपटलं, तेव्हाही कॅज्युअल्टीत भाऊजी आमच्याआधी हजर. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. घरी सोडताना डॉक्टर काळजी कशी घ्यायची ते समजावत होते आणि भाऊजी त्यांचं प्रत्येक वाक्य "हो हो, माहितीये" म्हणून अर्ध्यावर तोडत होते. डॉक्टर कंटाळून निघून गेले.

मग नर्स आली. तिने सगळं सावकाश सांगितलं आणि म्हणाली, "आता तुम्ही मला सांगा, घरी कशावर लक्ष ठेवायचं?"

भाऊजींचं तोंड आंबट झालं. "माझी परीक्षा घेताय?"

"परीक्षा माझी आहे. मी नीट सांगितलं का, ते बघतेय."

त्यांनी घसा खाकरला. "संपूर्ण विश्रांती. हलका आहार. भरपूर पाणी."

यातलं एक अक्षर तिने उच्चारलं नव्हतं. ती माझ्याकडे वळली. मला फक्त उलटी आठवली. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं: उलटी झाली, डोकेदुखी वाढली, बोलणं अडखळलं, झोपेतून नीट जाग येईना, तर थांबायचं नाही, सरळ इथे यायचं. मनाने कुठली गोळी द्यायची नाही. भाऊजी तोवर फोनवर कुणाला तरी सांगत होते, "काळजी नको, मी आहे ना इथे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याला उलटी झाली.

"पित्त आहे," सोफ्यावरून भाऊजींनी निदान केलं आणि खिशातून गोळी काढली. सासूबाई लगबगीने पाणी घेऊन आल्या.

"डोकं कसं आहे?" मी नवऱ्याला विचारलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण जीभ वळेना. मी भाऊजींच्या हातातली गोळी हिसकावून घेतली आणि गाडी बोलावली.

"अहो वहिनी, उगाच सगळ्यांना घाबरवू नका. मी बसलोय ना!"

"बसा तुम्ही," मी म्हटलं.

डोक्यात रक्तस्राव झाला होता. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. नवरा वाचला, हळूहळू चालता-बोलता झाला.

आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाऊजी सांगतात, "उलटी बघितली आणि मी म्हटलं, चला, एक क्षण दवडायचा नाही!" नणंद कौतुकाने मान डोलावते. सासूबाई डोळे पुसतात. मी चहाचे कप उचलून आत जाते, कारण तिथे थांबले तर तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही.

पण कहर केला तो नवऱ्याने. परवा तपासणीहून परतताना म्हणतो, "डॉक्टरांनी या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्यात. एकदा भाऊजींना विचारून घेऊ या का?"

"विचार की," मी म्हटलं. "फक्त ते काय म्हणाले, ते मला सांगू नकोस."