मुलगा तसा चांगला आहे

आमच्या समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाला वेबसाइट हवी, असा ठराव धुळ्यात एकमताने झाला. एकमताने, कारण काम माझ्या गळ्यात पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. मला संगणकावर मराठी टाइप करता येतं, एवढ्या पापावर मी या वयात सचिव आहे.

हल्ली वेबसाइट बांधावी लागत नाही म्हणे. सांगाडा तयार मिळतो. आपण फोटो आणि मजकूर भरायचा. मेनूत काय ठेवायचं, असं बैठकीत विचारलं, तर एक सभासद गंभीरपणे म्हणाले, "भरीत-पुरी. मेळाव्याला दुसरं चालतच नाही." अध्यक्षांनी रंग निवडायला अख्खी दुपार घेतली आणि स्वतःचा फोटो सगळ्या वधूंच्या फोटोंपेक्षा मोठा लावून घेतला.

या गडबडीत सांगाड्यासोबत आलेला नमुन्याचा फोटो पहिल्या पानावर तसाच राहिला. कॉफीचा कप धरून हसणारी कोणी गोरी परदेशी बाई. लगेच सोनगीरहून एका वरपित्याचा फोन. "आबा, ती कपवाली पोर कोनी शे? आमले पसंत शे."

"अहो, तो नमुना आहे."

"ऱ्हाऊ द्या. आमना पोऱ्या बी नमुनाच शे."

मग अध्यक्षांची नवी मागणी. प्रत्येक स्थळापुढे 'शेरा' असा रकाना हवा, आणि तो सचिवाने भरायचा. "तुमच्या शब्दाला समाजात वजन आहे." आहेच. ते कुणाच्या छातीवर आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

रकाना बनवला, सक्तीचा, लाल चांदणीसकट. तपासून बघायला एक नोंद हवी होती. शेजारचा माझा बालमित्र रोज दुपारी चहाला आणि माझ्या चुका काढायला येतो. तो म्हणाला, "माझी भर. अविवाहित, निर्व्यसनी. वर्ण गव्हाळ लिही, कोण येतंय बघायला. उरलेले दात खरे."

नाव भरलं, शिक्षण भरलं. शेऱ्यापाशी थांबलो. रिकामा ठेवला तर यंत्र पुढे सरकेना.

तेव्हा मी त्याला सांगितलं. तरुणपणी वरणगावहून त्याच्या चौकशीला दोघे आले होते. त्याच्या घरी जाण्याआधी ते बसस्टँडवर मला भेटले, कारण मी त्याचा जिवलग. मी म्हणालो, "मुलगा तसा चांगला आहे." मराठीत एखाद्याची सोयरीक मोडायला याहून जास्त लागत नाही. तसा म्हणजे कसा, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझा चहा पिऊन ते परतीच्या गाडीत बसले. त्या हंगामात मला दोन ठिकाणांहून नकार आला होता. त्याचं आधी जमणं मला सोसलं नसतं. इतकं साधं कारण. आपला रंग आडवा आला असं समजून त्याने पुन्हा कुणाच्या घरी पोहे खाल्ले नाहीत. मी मात्र पुढच्या वर्षी बोहल्यावर चढलो आणि वरातीत त्याला नाचवलं.

तो माझ्याकडे वळला.

"'तसा' म्हणालास?"

"हो."

"दारू पितो म्हणायचं. निदान मी पिऊन तरी घेतली असती."

मला हसता आलं नाही. तोही हसला नाही.

"लिही शेरा."

मी लिहिलं, 'मुलगा चांगला आहे. पूर्वी मी तसा चांगला म्हणालो होतो, ते खोटं होतं. सचिव.'

चष्मा सावरून त्याने वाचलं. "आता 'प्रकाशित करा' दाब."

"अरे, ही तपासणीची नोंद. सगळा समाज वाचेल."

"मग काय मी एकट्याने वाचू?"

दाबलं. तो चहा न घेता गेला.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन. "सत्तरी ओलांडलेला वर? मंडळाची शोभा होतेय. काढा ते." मी शेऱ्याचा रकाना बाकी सगळ्यांच्या नोंदींतून काढला. त्याची नोंद ठेवली, शेऱ्यासकट. हवं तर सचिवपद घ्या म्हणालो. कोणी घेईना. टाइप कोण करणार?

मित्र आता दुपारी येत नाही. पण कोणती नोंद कधी उघडली गेली, हे यंत्र मला दाखवतं. त्याची रोज एकदा उघडते, बरोबर चहाच्या वेळेला. कोण उघडतं, ते शेजारी जाऊन विचारायला मला तोंड नाही.