उद्घाटनाचा धूर

धैर्यशीलला धंद्यापेक्षा उद्घाटनाचीच हौस. पेठ वडगावजवळच्या मळ्यात त्याने आधी इमू पाळले. त्या लांबमान्या पाखरांनी शेजाऱ्याची मेथी फस्त केली आणि शिव्या खाल्ल्या त्याच्या बायकोने, मोनाने. मग शेततळ्यात मोती पिकवायला घेतले. हाती लागला चिखल. दर वेळी नारळ, फेटा आणि चौकात गॉगल घातलेल्या धैर्यशीलचं भलंमोठं डिजिटल पोस्टर मात्र न चुकता. घर चालायचं ते मोनाच्या ब्रॉयलर कोंबड्यांवर, आणि तिच्या शेडमध्ये नवऱ्याने पाऊल टाकायचं नाही, असा तिचा दंडक होता.

त्यामुळे तो काळ्या माशा घेऊन आला आणि त्यांच्या अळ्या कोंबड्यांना चारू म्हणाला, तेव्हा ती फिस्सकन हसली.

"इमू झालं, मोती झालं, आता माशा! उद्या ढेकणं पाळशीला!"

पण या खेपेला गडी खरंच राबला. मंगल कार्यालयातलं उष्टं आणि बाजारातली सडकी भाजी आणून टबात ओतायची, त्यावर अळ्या पोसायच्या. थोड्या पुढच्या माशांसाठी राखायच्या, बाकीच्या वाळवून सोयाबीन पेंडीच्या जागी खाद्यात मिसळायच्या. मोनाने नाक मुरडत मूठभर पिल्लांपुढे टाकल्या, तर पिल्लं तुटून पडली. कोंबड्या चांगल्या भरल्या. मग तिने शेडची किल्ली नवऱ्याच्या हातात दिली आणि पुढच्या पिल्लांसाठी पेंड मागवायचीच नाही असं ठरवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला या माणसाचा अभिमान वाटला. शाहूवाडीला माहेरी फोन करून तिने तसं सांगूनही टाकलं. नको तिथे घाई!

कारण कौतुक कानावर पडायचा अवकाश, याने उद्घाटन ठरवलं. धंदा चालू होऊन सहा महिने झाले होते, पण नारळाशिवाय याला चैन कुठलं? त्या दिवशी मोना चुलीपाशी रश्श्याला फोडणी देत होती, तोच बाहेर घर्रर्र आवाज झाला. पंचायतीचं डास मारायचं यंत्र अंगणात धूर ओकत होतं, आणि फेटा बांधलेला धैर्यशील हात करून दाखवत होता, इकडे मार, तिकडे मार.

"अवो, ह्ये काय चालवलंय?"

"पावण्यांच्या ताटात माशा बसल्यावर काय शोभा ऱ्हाईल आपली?"

मोना माशा ठेवलेल्या जाळीच्या खोलीकडे धावली. अंडी घालायच्या बेतातल्या माशा पटापट खाली पडत होत्या. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता पुन्हा पेंड मागवायची, आणि माहेरी काय तोंड दाखवायचं?

नारळ फुटला. सरपंचांनी जाळीत डोकावून विचारलं, "माशा कुठं हायत्या?"

"निजल्यात," धैर्यशील म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! असल्यांना अळ्या काय नि अक्षता काय, सगळं सारखंच.

मोना उघड्याच असलेल्या शेडमध्ये गेली. पुढच्या माशांसाठी राखलेल्या अळ्यांचा टब पाहुण्यांच्या पायांत नको म्हणून तिने सकाळीच तिथे आणून ठेवला होता. वरचं पोतं उचललं तर अळ्या वळवळत होत्या. ती तडक मांडवात आली आणि सगळ्यांसमोर नवऱ्यापुढे हात पसरला.

"किल्ली द्या."

"कसली गं?"

"शेडची. माशांकडं आता मी बघणार. तुमी फेटा सांभाळा."

कसनुसं हसत त्याने किल्ली दिली. तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी हाक मारली, तसा तो फेटा सरळ करत पळाला.